फांदीचें काम

(महोत्सवाच्या नोव्हेनांत सायंप्रार्थनेनंतर देवळांत केलेलें भाषण)



ख्रिस्ताशीं ऐक्य व त्यापासून येणारें आध्यात्मिक फळ या विषयावर मीं चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मुख्य धर्मगुरूंची आज्ञा झाली. मी वाडींत वाढलेला मनुष्य. माझें शास्त्राध्ययन तें किती असणार! परंतु हा विषय शिकवितांना प्रभूनें पंडितांची भाषा न वापरतां माळ्याची भाषा वापरली, म्हणून मला बोलण्याचें धैर्य झालें.

दुःखसहनाच्या आदल्या रात्रीं, भोजन आटोपल्यावर, प्रभूनें शिष्यांना सांगितलें कीं, आपण खरा द्राक्षवेल असून पिता माळी आहे, आणि शिष्य हे त्या वेलाच्या फांद्या होत. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत हें आलें आहे. आपणां वसईकरांच्या परिचयाची वेल मात्र निराळी, ती पानवेल. पूर्वीं आपल्या वाड्यांतील पानें दूरदूरच्या बाजारांत जात, आणि त्या पैशांवर कित्येक घरांत मुलांचीं शिक्षणें व मुलींचीं लग्नें झालीं. तिची निंदा मी करणार नाहीं. पण पानवेलीकडे कोणी फळ मागत नाहीं. पान रुंद, हिरवें व बिनडागी असलें कीं मालक संतुष्ट. माझी शंका अशी कीं, ही पानमळ्याची दृष्टि आपण देवळांतही घेऊन येतों. रंग नवा दिला ना, मिरवणूक लांब निघाली ना, बँड कोठून आणला! पानांवांचून झाड जगत नाहीं, हें खरें. परंतु संत मार्कानें अंजिराच्या एका झाडाची हकीगत लिहून ठेविली आहे. त्या झाडावर पाला भरपूर होता, आणि भुकेल्या प्रभूला त्यावर दुसरें कांहीं मिळालें नाहीं.

द्राक्षवेलाचें लांकूड तर कुचकामी. भांडें अडकविण्यापुरती खुंटी तरी त्याची होते काय, असें यहेज्केल संदेष्ट्यानें विचारिलें आहे. फणसाचें झाड वठलें तरी त्याची फळी निघते. द्राक्षाची फांदी एक तर फळ देते, नाहीं तर चुलींत जाते.

नाशिककडील बागाईतदार हा वेल वर्षांतून दोनदां छाटतात. एप्रिलच्या सुमारास पहिली छाटणी, तिला ते खरड छाटणी म्हणतात. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, ती फळासाठीं. एप्रिलांत नवख्या मनुष्यानें बाग पाहिली तर मालकाचें डोकें फिरलें असेंच त्याला वाटेल. ऐन उन्हाळ्यांत, हातीं एक घडही लागावयाचा नसतांना, हिरव्या वेलाचा नुसता सांगाडा करून ठेवितात. मग नव्या फांद्या फुटतात, आणि त्यांच्या डोळ्यांत, त्याच कडक दिवसांत, पुढच्या घडाची सूक्ष्म घडण होते. वरून ती कोणाला दिसत नाहीं. ऑक्टोबरनंतर जो घड बाहेर पडतो, तो कित्येक महिन्यांपूर्वींच आंत घडलेला असतो. त्या दिवसांत फांदीला पुरेसा प्रकाश व रस मिळाला नसेल, तर मागाहून कितीही खत घाला, पालाच माजतो.

प्रार्थनेचें असेंच आहे. पहांटेची मिस्सा, पवित्र साक्रामेंतासमोर काढलेली अर्धी घटका, रात्रीं घरांत म्हटलेली जपमाळ, यांचें फळ त्या दिवशीं कोणी मोजूं शकत नाहीं. त्या रात्रीं प्रभूनें शिष्यांना आपल्यामध्यें राहण्याविषयींच वारंवार सांगितलें, याचें कारण मला हेंच दिसतें. राहणें हें फांदीचें काम. फळ धरविणारा रस वेलाचा.

याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांचा येथें जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं ते शिकले आणि कोवळ्या वयांत जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली व धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षें सेवा केली. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा, ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. तेव्हां ते बाहेर पडून व्यापार करूं लागले, आणि व्यापारांत त्यांना यशही आलें.

येथें क्षणभर थांबूं या. ज्या दारावर आपण तारुण्य खर्चिलें तें उघडलें नाहीं, तर आपण काय केलें असतें? माझ्यासारख्यानें देवळाची पायरी चढणें सोडलें असतें, आणि वर त्याचीं कारणें गांवभर सांगितलीं असतीं. गोन्सालो ख्रिस्तापासून तुटले नाहींत. मनिला येथें ते फ्रान्सिस्कन पंथांत साधे बंधु म्हणून दाखल झाले, आणि १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पुनः जपानांत आले. जी भाषा शिकणें व्यर्थ गेलें असें वाटावें, तीच आतां कामास आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांना क्रुसावर मृत्यु आला: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक ख्रिस्ती, त्यांत कांहीं कोवळीं मुलें. गोन्सालो त्यांत होते. ज्या संघाचें दार त्यांना उघडलें नव्हतें, त्याच संघाचे तिघे त्यांच्याबरोबर क्रुसावर होते. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांना संतपद दिलें.

आणि जपानांतील फळ? १६१४ सालीं तेथें ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली, आणि पुढें एकही धर्मगुरु उरला नाहीं. १८६५ च्या मार्च महिन्यांत, नागासाकींत याच सव्वीस हुतात्म्यांच्या नांवें बांधलेल्या नव्या देवळांत, उराकामी गांवचे कांहीं लोक आले. आपणही त्याच श्रद्धेचे आहों, असें त्यांनीं फ्रेंच धर्मगुरु पेतिजाँ यांना हळूच कळविलें, आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे तें विचारिलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या लोकांनीं बाप्तिस्मा व प्रार्थना घरांतल्या घरांत जपली होती.

एवढ्या थोर कथेमागून माझी क्षुद्र गोष्ट सांगावयास संकोच वाटतो. परंतु विषय स्वतःच्या अंगाला न लावतां सोडणें बरें नव्हे. आम्हां दोघां भावांत विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला. नऊ वर्षें आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं. त्या नऊ वर्षांत माझा एकही रविवार चुकला नाहीं. सणाच्या मिरवणुकींत छत्राचा एक दांडा माझ्या हातीं असे. कुमसारही करीत असें, पण पाण्याची गोष्ट अशा चतुराईनें सांगत असें कीं, दोष दादांचाच ठरावा. एका वर्षीं एका वृद्ध धर्मगुरूंनीं मला मध्येंच थांबविलें. हें तर भावाचें पाप झालें, तुमचें कोणतें, असें त्यांनीं विचारिलें. ती छाटणी अजून दुखते. त्यांनीं माझ्याकडून समेटाचा निश्चय करवून घेतला, मग पापमुक्ति दिली.

निश्चय झाला, बळ कोठून आणावें? पूर्वीं दोनदां मी दादांच्या फाटकापर्यंत जाऊन परतलों होतों. या वेळीं महिनाभर रोज पहांटेच्या मिस्सेला गेलों, आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर दादांचें नांव घेऊन नुसता बसून राहिलों. दुसरी प्रार्थना सुचत नसे. महिन्याअखेर पाय आपोआप तिकडे वळले असें म्हणेन तर तें खोटें होईल. पाय जडच होते. पण या वेळीं परतले नाहींत. वहिनींनीं दार उघडलें. दादा ओटीवर बसले होते, त्यांनीं मला बसावयास सांगितलें. पाण्याची वाटणी त्या दिवशीं ठरली नाहीं. ती ठरण्यास आणखी दोन पावसाळे गेले, आणि ठरली तीही सर्वस्वी माझ्या मनासारखी नव्हे. दादा आतां नाहींत. त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत धर्मगुरु ख्रिस्तशरीर घेऊन आले, तेव्हां मेणबत्ती धरून पुढें चालणारा मी होतों.

परवां महोत्सवाच्या मिस्सेंत अर्पणाच्या वेळीं प्रत्येक आळीनें आपापल्या वाडींतील फळें वेदीपाशीं आणावयाचीं आहेत. आमच्या आळीकडून राजेळी केळ्यांचा एक घड येईल. तो त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढला आहे, आणि मी व माझा पुतण्या असे दोघे मिळून तो आणणार आहों. घड जड आहे. एकट्याला उचलावयाचा नाहीं.