ऐपतीचा दाखला आणि पदव्युत्तर पदवी

फौजदारी न्याय आणि गुन्हेशास्त्राच्या पदव्युत्तर (एलएल.एम.) अभ्यासाचा विचार करणारी ही परिषद पुण्यात, येरवडा कारागृहाच्या शहरात, भरते आहे, हे मला मोलाचे वाटते. कारण तुरुंगाच्या दारापर्यंतही न गेलेला फौजदारी कायद्याचा अभ्यास अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. हे कायद्याच्या अभावामुळे घडलेले नाही. दहा हजारांच्या जामिनाची अट आणि दुसऱ्या जिल्ह्यातली मालमत्ता म्हणून नाकारलेला जामीनदार, यांत अडकलेल्या मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच गरिबाच्या जामिनाचा प्रश्न ऐरणीवर आणला. पाठोपाठ कच्च्या कैद्यांच्या प्रदीर्घ कोठडीचा हुसैनआरा खातून खटला आला. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९, काही अपवाद वगळता, पूर्वी शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सुटकेची वाट देते. तरीही जामीन मंजूर झालेली माणसे आतच राहतात. कुणाला ऐपतीचा दाखला देणारा जामीनदार मिळत नाही, तर कुणाच्या घरी आदेशाची खबरच पोहोचत नाही. हे निकालपत्रात दिसत नाही. त्यासाठी बंद्यांशी, कारकुनांशी, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी बोलावे लागते.

वर्षभराच्या अभ्यासक्रमात एवढा वेळ कुठला, असे विचारले जाईल. प्रबंधिका तर लिहावीच लागते. तिचा विषय बदलता येईल. आरोपींचीच कणव का, पीडितांचे काय, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण रखडलेल्या खटल्यात साक्षीदारांची स्मृती विरते आणि पीडितही तारखा मोजत राहतो. त्याचे हालही याच अभ्यासात मांडले गेले पाहिजेत. गुन्हेगाराचा अभ्यासच पूर्वग्रहाला बळ देऊ शकतो, हा उलट बाजूचा धोकाही मान्य करू. गुन्हेगारी रक्तातूनच येते, या समजुतीला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने राजमान्यता दिली आणि संपूर्ण जमातींवर शिक्का मारला. त्याच परंपरेतला पुढचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्या जमातींपैकी पारध्यांच्या वस्तीवर संशयाची नजर अजून जाते. म्हणून गुन्हेशास्त्रालाही घटनेतल्या हक्कांची कसोटी हवी, आणि ती लावण्याचे शिक्षण कायद्याच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते.

फौजदारी कायद्यावरच्या प्रत्येक प्रबंधिकेत एक प्रकरण न्यायालयात किंवा कारागृहात जाऊन केलेल्या पाहणीवर असावे, असा ठराव या परिषदेने करावा, अशी माझी विनंती आहे.