चुलीपाशी राखलेली बोली

श्रोतेहो, अलिबागच्या उत्तरेस थळ नावाचे गाव आहे. तेथील किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. ह्या किनाऱ्याचा स्वभाव मोठा आतिथ्यशील आहे. थळजवळच नवगाव, तेथे आपल्या पूर्वजांचे तारू फुटले व वाचलेली माणसे ह्याच भूमीवर वसली, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगत आले आहेत. समुद्राने आणून सोडलेला धर्म येथे मराठी बोलू लागतो, भात-मासळी जेवू लागतो आणि काही पिढ्यांत घरचाच होऊन जातो. आज मला आपणांस न्यावयाचे आहे ते थळहून पंचवीस-तीस किलोमीटर दक्षिणेस, चौल-रेवदंडा मागे टाकून कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत; आणि तेही स्वयंपाकघराच्या दाराने.

इतिहास थोडक्यात असा. १५२१ साली पोर्तुगीजांनी चौल येथे आपले ठाणे बांधण्यास आरंभ केला. १५९४ मध्ये त्यांनी खाडीच्या तोंडावरील कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. १७४० च्या तहाने हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. अधिकारी गेले, फौज गेली. मागे राहिली ती शेतात राबणारी साधी ख्रिस्ती कुटुंबे. डोंगराच्या पायथ्याच्या गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे, आणि त्याच्या आसऱ्याने ही कुटुंबे अद्यापि नांदत आहेत.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. राज्य गेले, पण बोली गेली नाही! सुमारे हजारभर माणसांच्या ह्या वस्तीत पोर्तुगीजांपासून उपजलेली एक निराळी भाषा घरोघर बोलली जाते. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. परंतु वाक्याची ठेवण मात्र मराठी. पोर्तुगीज माणूस क्रियापद मध्येच उच्चारून मोकळा होतो. कोर्लईचा माणूस आपल्याप्रमाणे ते शेवटपर्यंत राखून ठेवतो. शाळा नाही, क्रमिक पुस्तक नाही, राजाश्रय तर नाहीच नाही. मग ही भाषा शिकवली कोणी? आईने. भाकरी थापता थापता, मासळी साफ करता करता, लेकराला दटावता दटावता ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली.

त्या घरातील ताट पाहाल तर फारसे परके वाटणार नाही. तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, ओल्या नारळाच्या रसातील मासळी. जेवणाआधी क्रूसाची खूण करून देवाचे आभार मानावयाचे, संध्याकाळी घरच्या मंडळींनी जपमाळ म्हणावयाची, पास्खापूर्वीच्या उपवासकाळात जिभेला आवर घालावयाचा, आणि नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाचे ताट धाडावयाचे. पूर्वी येथील उपासना परकी भाषाच बोलत असे. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेने देशोदेशींच्या भाषांना उपासनेत स्थान दिले, आणि कोर्लईची वेदीही मराठी बोलू लागली. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या नित्याच्या प्रार्थनेत देवाजवळ रोज काय मागतो, ठाऊक आहे? भाकर! पाव नव्हे, भाकर. धर्म ह्या मातीत रुजला ह्याला ह्याहून निराळा दाखला कशाला हवा?

आणि आपण? आपल्या घरातील ‘बटाटा’ पोर्तुगीज, ‘काजू’ पोर्तुगीज, ‘चावी’ पोर्तुगीज. ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. एकादशीच्या खिचडीचे ताट पाहा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची ह्या चारही वस्तू मूळच्या अमेरिकेतल्या! ज्या उपवासाला आपण सोवळे नेसून बसतो, त्याच्या पानात अर्धे जग उतरलेले असते.

तरीही अन्नावरून आपण भिंती उभारल्या. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिऊन अख्खी आळी बाटली, अशा कथा कोकणपट्टीत सांगत आले आहेत. पाव तो केवढा, आणि त्याने माणसे तुटावी केवढी! नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाईंना सर्वांत अवघड गेले ते हेच, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसूही येते आणि डोळेही भरतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कोर्लईची बोली जगली ती पुष्कळअंशी ह्या भिंतींमुळे. भोवतालच्यांशी रोटी नाही, बेटी नाही; म्हणून घरचे बोलणे घरात राहिले. खाडीवर पूल झाला, मुले शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकू लागली, माणसे नोकरीधंद्यासाठी बाहेर पडली. हे सारे चांगलेच झाले. मात्र त्या चांगल्याची किंमत बोलीला मोजावी लागत आहे.

अशाच एका घरी मी बसलो होतो. आजीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नातीला आपल्या भाषेत काही सांगितले. नातीने उत्तर दिले ते स्वच्छ मराठीत, आणि उठून मला पाणी आणून दिले. मला मराठी ऐकून आनंद झाला आणि त्याच क्षणी मनाला चुटपुटही लागली. आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी भाकरी उलटली, आणि तीच गोष्ट पुन्हा एकदा आपल्या भाषेत सांगितली. ह्या खेपेस मुलगी हसली आणि आजीच्याच भाषेत उत्तरली.

श्रोतेहो, कुंपणाने जे राखले, ते कुंपण गेल्यावर केवळ मायेने राखता येईल काय? पंडितांनी ह्या बोलीचे व्याकरण लिहिले आहे. ते उपकारच होत. परंतु बोली जगावयाची ती त्या चुलीपाशी, आजीच्या दुसऱ्यांदा सांगण्यात. आपल्याही घरी एखादी आजी असेल, तिचा एखादा शब्द, एखादा पदार्थ असेल. आज रात्री जेवावयास बसाल तेव्हा तो तिला एकवार विचारा.