वाहवा पुरे, आता वाचा

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर, अठराव्या शतकातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी बोलायला मिळतं आहे, त्याबद्दल बाळापूरकरांचे आभार. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री ज्यांची पाहायची राहिली असेल, त्यांनी ती जेवणाच्या सुटीत पाहून घ्यावी. अध्यक्षाने ‘मी’ हा शब्द जपून वापरावा अशी जुनी रीत आहे. ती इथे पाळली जाईल.

निमंत्रणपत्रिकेवर भाषणाचा विषय ‘आंतरजालावरील मराठी मुक्त लेखनाचा आढावा’ असा छापला आहे. आढावा थोडक्यात असा. १९९६च्या गणेशोत्सवात अमेरिकेतल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं. २००७मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ आले, २०११मध्ये ‘ऐसी अक्षरे’. युनिकोड रुळला आणि एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन दिसण्याची कटकट संपली. ब्लॉग आले, बहरले, बरेचसे ओसही पडले. पुढे ‘प्रतिलिपी’सारख्या मंचांवर कथामालिका सुरू झाल्या. आणि आता व्हॉट्सॲप. तिथे एका गटात १०२४ माणसं मावतात. आढावा संपला.

त्यात एक गोष्ट बसत नाही, आणि तीच बोलायची म्हणून प्रस्तुत वक्त्याने हे पद स्वीकारलं. लिहिणाऱ्यांचे समूह झाले, मंच झाले, ‘परिवार’ तर उदंड झाले. त्यांत एकमेकांचं वाचणारे कितीसे? कविता पडते आणि ती वाचायला जेवढा वेळ लागेल त्याच्या आत खाली ‘अप्रतिम’ उमटतं. मग गुलाब, मग टाळ्या, मग जोडलेले हात. ज्याने आज गुलाब दिला त्याची कविता उद्या पडणार असते, तेव्हा गुलाब परत करावा लागतो. लग्नातल्या आहेराची जशी वही ठेवतात तशी ही वही आहे, फक्त ती कोणी लिहीत नाही, सगळ्यांच्या डोक्यात असते. याला कोणी लेखकांचा आधार म्हणत असेल तर म्हणो. प्रस्तुत वक्ता म्हणणार नाही.

मन नदीच्या काठच्या एका खेड्यातला एक तरुण गझल लिहायचा. रात्री गटावर टाकायचा, सकाळपर्यंत बदामांची रास. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, त्याने ‘धावली’ आणि ‘पावली’ असे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, घेतले होते आणि पुढे एका शेरात ‘भोवली’. गझल लिहिणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. ‘वली’ ही अक्षरं कायम आहेत, पण त्यांच्या आधीचा ‘आ’ हा स्वर, म्हणजे अलामत, मतल्यात ठरून गेलेला असतो. तिथे ‘ओ’ चालत नाही. त्या गटात गझलेवर व्याख्यानं देणारी माणसं होती. कोणी बोललं नाही. पोराने ती गझल एका स्पर्धेला पाठवली. ‘अलामत चुकली’ एवढे दोन शब्द लिहून ती परत आली. कागद घेऊन तो प्रस्तुत वक्त्याकडे आला. गझल बाद झाल्याचं त्याला काही नव्हतं. त्याने विचारलं ते एवढंच, “सर, एवढे लोकं होते, मंग कोनं सांगतलं काहून नाही?”

या प्रश्नाचं उत्तर आजच्या सकाळच्या सत्रातही मिळालं नाही. तिथे एक सन्माननीय मित्र म्हणाले की नवोदितांना दुखवू नये, त्यांना आधी फुलू द्यावं. मित्र मोठ्या मनाचे आहेत. पण या वऱ्हाडात याच्या उलट घडलेलं आहे, आणि ते घडवणारा माणूस अमरावतीचा होता. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ ही पुस्तिका लिहिली आणि मागेल त्याला ती टपालाने, पैसे न घेता पाठवली. कोण कुठला, कोणत्या जातीचा, पुस्तक आलंय की नाही, याची चौकशी नाही. नवख्यांच्या गझला त्यांनी तपासल्या, चुका दाखवल्या आणि चांगल्या शेराला मनापासून दादही दिली. त्यांचा ‘रंग माझा वेगळा’ हा संग्रह १९७४चा, ‘एल्गार’ १९८३चा. त्या काळात ना इंटरनेट होतं, ना गट. होतं काय तर पोस्टाचं पाकीट आणि पाकीट उघडून आतलं वाचणारा माणूस. मराठी गझल लिहिणारी पुढची पिढी त्या पाकिटांतून उभी राहिली. २००३मध्ये भट गेले. पुढे त्यांच्या नावाच्या संकेतस्थळावर गझल लिहिणारे जमले आणि बरीच वर्षं तिथे काफिया, रदीफ, वृत्त यांवर कडाकडा वाद होत. ते वाद ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे की भांडणाऱ्यांनी एकमेकांची गझल आधी नीट वाचलेली असे.

कडक वाचणारा माणूस फटकळच असतो असं नाही. प्रस्तुत वक्त्याच्या विद्यार्थिदशेत गावात एक निवृत्त गुरुजी होते. पोरं त्यांना कविता दाखवायची. एकाने आईवर कविता नेली. तिच्यात ममतेचा सागर होता, वात्सल्यमूर्ती होती, सगळं होतं. गुरुजींनी दोनदा वाचली आणि म्हणाले, “बाप्पू, हे तुही माय नोहे, हे पुस्तकातली माय होय. तुही माय सकायी उठून काय करते, थे लिहजो.” पोरगा रुसला, आठवडाभर फिरकला नाही, मग कापूस वेचणाऱ्या बोटांवर लिहून घेऊन आला. तो पुढे कवी झाला नाही, कृषी सहायक झाला. पण चांगलं वाचणारा झाला, आणि आपल्याकडे तुटवडा त्याचाच आहे.

दुसरा वाद संपादकांचा. एका तरुण मित्राने सांगितलं की संपादक नावाचा पहारेकरी गेला हेच आंतरजालाचं मोठं देणं. पहारेकरी होता, हे खरं. पुण्या-मुंबईच्या दाराशी वऱ्हाडातली पुष्कळ माणसं ताटकळली. १९६९मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केली, ती उगीच नाही. पण त्याच ‘सत्यकथा’चे संपादक राम पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत, हेही तितकंच खरं. दार अडवणं वेगळं आणि दारातून आत घेऊन बसवून बोलणं वेगळं. ज्यांना दार उघडलंच नाही त्यांनी काय केलं? गंगाधर पानतावण्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेहून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं. नव्या दलित लेखकांना छापलं, घडवलं आणि लेखक-वाचकांचे मेळावे गावोगाव भरवले. पहारेकरी गेला म्हणून ते टाळ्या वाजवत बसले नाहीत. त्यांनी स्वतः संपादन केलं. ‘मायबोली’चंही तसंच. तिथल्या दिवाळी अंकाचं संपादक मंडळ सभासदांतून उभं राहायचं, मुद्रितं सभासदच तपासायचे, लेख दुरुस्तीला परतही जायचे. फुकट काम होतं आणि ते कामासारखं केलं जायचं. आपल्या समूहांत फुकटच्या कामालाही आता कोणी तयार नाही. सुप्रभात पाठवायला मात्र सगळे पाचलाच उठतात.

आजच्या वऱ्हाडी बोलीवरच्या परिसंवादाबद्दल एकच सांगून पुढे जातो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६०मध्ये आली, तिच्या संवादांत वऱ्हाडी आहे. पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’ कादंबरीत तर निवेदनच वऱ्हाडीत केलं. बोलीत साहित्य होतं का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. आता गटागटांतून वऱ्हाडी विनोदासाठी वापरतात आणि गंभीर झालं की पुणेरी होतात. वक्त्याच्या एका लेखातलं ‘काहून’ संपादकीय टेबलावर ‘का’ झालं होतं. पुढच्या लेखात त्याने ते चार ठिकाणी घातलं. चारही छापून आले.

आता पैशाचं. मुक्त लेखकाच्या सभेत हा विषय चहाच्या टेबलावर निघतो, व्यासपीठावर नाही. अनुवाद करणाऱ्या दोन भगिनी एकाच गटात होत्या. त्यांतल्या एकीकडे एका कंपनीचं काम चालून आलं. दर किती सांगावा, म्हणून तिने गटावर विचारलं. उत्तरं आली ती अशी, ‘शुभेच्छा’, ‘तुम्ही ग्रेट आहात’, ‘पैशापेक्षा समाधान महत्त्वाचं’. तिने अंदाजाने दर सांगितला, काम गेलं. ते गेलं दुसऱ्या भगिनीकडे, जवळपास निम्म्या दरात. दोघी रोज सकाळी एकमेकींना फुलं पाठवत होत्या. काही महिन्यांनंतर एका लग्नात भेटल्या तेव्हा कळलं. त्या दिवशी दोघींनी आपापले दर एका कागदावर लिहिले आणि तेव्हापासून त्या दराखाली कोणीच गेलं नाही. समूहाने जे करायचं ते दोन बायांनी मंडपाच्या कोपऱ्यात केलं.

कायद्याचंही तसंच अज्ञान आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. कलम ५७ सांगतं की हक्क विकल्यावरही ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाचाच राहतो. मग कवीचं नाव कापून कविता पुढे ढकलणारे आपलेच सभासद असतात, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने प्रकाशकांशी भांडायचं? नाव नसलेली कविता जो पुढे पाठवतो त्याला गटात दोन दिवस गप्प बसवा. प्रस्तुत वक्त्याचं हे मत कडक वाटेल. वाटू द्या.

आता समूह टिकवण्याचं. १४ जानेवारी १९२३ला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. रेल्वेने, बैलगाडीने माणसं आली आणि एक संस्था शंभर वर्षं टिकेल अशी बांधून गेली. आपल्याकडे खिशात यंत्र आहे, सगळे रोज भेटतो, आणि दर तीन महिन्यांनी मानापमानावरून गट फुटून नवा होतो. ॲडमिन कोण, यावर जितका जीव खर्ची पडतो त्याच्या चौथ्या हिश्शात एक कथासंग्रह तपासून होईल. जुने दिवस सोन्याचे होते असं म्हणायचं नाही. त्या दिवसांत बायकांची पत्रं कितीदा न उघडताच राहिली, खेड्यातल्यांची कितीदा परत आली. आज पाकिटाची अडचण नाही म्हणून तर राग येतो. सोय सगळी आहे, वाचणारा तेवढा नाही.

काही कामं करायची आहेत. मानधनाच्या दरांची एक वही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. कोणी ठेवायची ते संयोजकांनी ठरवावं. साध्या मराठीत कराराचा एक नमुना करावा. सभागृहात वकील बसलेले आहेत, त्यांनी मनावर घेतलं तर होईल. गद्य लिहिणाऱ्यांसाठी भटांच्या ‘बाराखडी’सारखं छोटं पुस्तक येत्या दिवाळीपर्यंत निघावं, निदान त्याचा विचार तरी सुरू व्हावा. आणि प्रत्येक गटात आठवड्याचा एक दिवस असा असावा की त्या दिवशी ‘छान’ हा शब्द बंद. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने ओळ दाखवून म्हणावं.

दुपारच्या सत्रानंतर प्रस्तुत वक्ता शाळेच्या ग्रंथालयात बसणार आहे. ज्यांना आपलं लेखन तपासून हवं असेल त्यांनी त्याच्या दोन प्रती आणाव्यात, एक वक्त्यासाठी आणि एक शेजारी बसलेल्या लेखकासाठी, कारण शेरा दोघांनीही लिहायचा आहे. फोटो मात्र नंतर काढू.