शपथेला सोबत हवी

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण. वक्ते आपल्या गावचेच आहेत. त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेले नाही.)



मी वक्ता नव्हे. देणगीदारांच्या यादीत माझा आकडाही लहानच आहे. परंतु समितीने चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा जे अनेकांना ठाऊक आहे तेच उघडपणे सांगावे असे ठरवून उभा राहिलो आहे.

जुन्या देवळात देवीपुढे नारळ ठेवून मी तीनदा दारू सोडण्याची शपथ घेतली आणि तिन्ही वेळा मोडली. पहिली महिनाभर टिकली, दुसरी आठ दिवस. तिसरी शिमग्यात मोडली. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा मी पडवीत पडून होतो. आईने घाईघाईने माझ्यावर गोधडी टाकली आणि मग ती ओटी भरायला पुढे झाली. देवीपासून तिला स्वतःचा मुलगा लपवावा लागला.

माझी शपथ खोटी नव्हती, ती एकट्याची होती. आपल्याकडे गाऱ्हाणे घालणारा एकटा बोलत नाही. प्रत्येक वाक्याला मंडळी ‘होय महाराजा’ म्हणतात, तेव्हाच गाऱ्हाणे पुरे होते. माझ्या शपथेला असा होकार देणारे कोणी नव्हते.

तो होकार मला मुंबईत मिळाला. खोलीतला एक गाववाला मला संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात घेऊन गेला. बाकांवर बारा-पंधरा माणसे बसली होती. कोणी हमाल, कोणी बँकेतला. तेथे आडनाव विचारीत नाहीत, वर्गणी सक्तीची नाही, उपदेश नाही. ज्याला वाटेल त्याने उठून आपली हकीगत सांगावी, इतरांनी ऐकावी, मग चहा. पहिले तीन आठवडे मी तोंड उघडले नाही. चौथ्या आठवड्यात गोधडीची गोष्ट सांगितली. कोणी हसले नाही. आज त्याला १६ वर्षे झाली. पण तेथे आम्ही हिशेब फक्त आजच्या दिवसाचा ठेवतो.

या संघटनेचे नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे नाव न सांगणारे मद्यपी. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल नावाच्या शेअरदलालाला दारूची तीव्र तल्लफ आली. गुत्त्यात जाण्याऐवजी त्याने बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधला. तो निघाला बॉब नावाचा डॉक्टर. त्या दोघांच्या बोलण्यातून हे काम उभे राहिले. भारतात ते १९५७ पासून चालू आहे. ते कोणत्याही धर्माचे नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच तेथील अट आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन या नावाच्या वेगळ्या बैठका असतात. त्या १९५१ साली संघटित झाल्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तेथेही उपचार संपवून घरी गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका असतात, कारण खरी कसोटी घरी परतल्यावरच लागते.

आता उपयोगाचे सांगतो. जो रोज भरपूर पितो त्याने एकदम दारू तोडू नये. हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही. केंद्र शासनाच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर व्यसनमुक्तीची माहिती मिळते. बैठकीचे ठिकाण व वार बदलतात, म्हणून एस.टी.त बसण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे. पहिल्या खेपेस ओळखीचे कोणी भेटेल अशी लाज वाटते. तेव्हा खुशाल दुसऱ्या गावच्या बैठकीस जावे. आणि एका बैठकीवरून मत बनवू नये. पाच-सहा वेळा तरी जावे.

देणगीदार बंधूंनो, या कामासाठी मी आपल्याकडे पैसे मागत नाही. ही संघटना बाहेरच्यांची देणगी घेतच नाही. सभासद आपसांत जमवतील तेवढ्यावर चालते आणि जागेचे भाडेही देते. मी फक्त जागा मागतो. नव्या सभामंडपामागची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ नाममात्र भाड्याने मिळावी. बैठक भरवण्याची जबाबदारी मी व तालुक्यातील दोन-तीन सोबती घेऊ. आणि ग्रामस्थांना एक विनंती: त्या संध्याकाळी आत कोण गेले हे पाहण्यासाठी कोणी पारावर बसू नये.

देवळाचा जीर्णोद्धार आपण सर्वांनी मिळून केला. चिरा एकाने आणला, कौले दुसऱ्याने, अंगमेहनत तिसऱ्याने. मोडलेल्या माणसाचेही तसेच असते; त्याला एकट्याला उभे राहता येत नाही. पुढच्या शिमग्यात पालखी दारी येईल तेव्हा गावातील कोणत्याही आईला आपल्या मुलावर गोधडी टाकावी लागू नये, एवढेच देवीच्या चरणी माझे गाऱ्हाणे आहे. त्याला आपण सर्वांनी होकार द्यावा.