घरापासून गोठ्यापर्यंत



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत घर म्हणजे एकच इमारत नसते. पुढे राहते घर, मध्ये अंगण, अंगणात एखादा कडुनिंब, आणि मागे गोठा, म्हणजे आपला कोठा. त्याला लागून टिनाची एक खोली असते. हंगामात तिच्यात कापूस भरायचा, एरवी अडगळ ठेवायची. पुढच्या बैठकीत आता इंटरनेटचा डबा येऊन बसला आहे. पण त्याचे राज्य बहुधा अंगणातच संपते.

कोणी म्हणेल, गोठ्यात इंटरनेट कशाला हवं? बैल काय बातम्या वाचणार आहेत? प्रश्न गमतीचा आहे, उत्तर मात्र गमतीचे नाही. बारावीच्या मुलीला अभ्यासाला निवांत जागा हवी असते, आणि भरल्या घरात ती मागच्या खोलीतच मिळते. गाय विण्याच्या बेतात असेल, तर रात्री चार वेळा उठण्याऐवजी कॅमेऱ्यातून तिच्यावर नजर ठेवता येते. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा, तर त्याची नोंदणीही मोबाईलवरून करावी लागते. तेव्हा अंगण ओलांडण्याचा हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही.

यासाठी माणसं पहिली गोष्ट कोणती करतात? जास्त ताकदीचा, चार शिंगांचा डबा विकत आणतात. पैसे खर्च होतात, आणि मागच्या खोलीतली स्थिती फारशी बदलत नाही. असे का होते, ते आधी पाहू.

आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात. आपल्या घराची भिंत म्हणजे त्यांना हत्तीच्या वाटेतला खडा. वायफायची लहर मात्र फार आखूड. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तिची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याच्याही निम्मी. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात याहूनही आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. तेव्हा लहर भिंतीतून जातच नाही असे नाही. पण जाताना ती जकात भरत जाते. विटांची भिंत थोडी जकात घेते, काळ्या दगडाची दोन फुटी भिंत पुष्कळ घेते, पावसाळ्यात ओल धरलेली मातीची भिंत त्याहून अधिक. पाण्याने निथळणारा कडुनिंबही आपला वाटा घेतो. आणि टिनाचा पत्रा तर लहरीला आरशासारखा परत फिरवतो. आपली मागची खोली नेमकी टिनाची!

शिवाय अंतराचा हिशेब वेगळाच. अंतर दुप्पट झाले की जोर निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. तिप्पट झाले की नववा.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. आकाशवाणीवरचे भाषण एकतर्फी असते. मी बोलतो, आपण ऐकता. आपल्या रेडिओला मला उत्तर द्यावे लागत नाही. इंटरनेट हे संभाषण आहे. डब्याने काही पाठवले की मोबाईलने ‘पोचले’ असे कळवावे लागते, तेव्हा गाडी पुढे सरकते. आता मोठा डबा म्हणजे कर्णा लावून हाक मारणारा माणूस. त्याची हाक गोठ्यात ऐकू येते; मोबाईलवर रेघा दिसतात. पण मोबाईलचा आवाज मुळातच लहान. त्याचं उत्तर अंगणापर्यंतसुद्धा येत नाही. म्हणून रेघा भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. अशा वेळी हाक मोठी करून उपयोग नाही. ऐकणारा कान जवळ न्यायला हवा. सगळी युक्ती या एका वाक्यात आहे.

कान जवळ नेण्याचे मार्ग तीन.

पहिला मार्ग तारेचा. बिनतारी यंत्रासाठी तार टाकायची, हे ऐकायला विचित्र वाटते. पण खात्रीचा मार्ग तोच. घरातल्या डब्यापासून इंटरनेटची तार मागच्या खोलीत न्यायची आणि तिथे दुसरा लहान डबा बसवायचा. दोघांना नाव आणि पासवर्ड एकच दिला, म्हणजे मोबाईल जवळचा डबा धरतो. तांब्याची ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. आपल्या बहुतेक अंगणांना तेवढी पुरून उरते. ती उन्हापावसात टिकणारी घ्यावी, पाइपात घालून जमिनीखालून न्यावी, आणि विजेच्या तारेपासून दूर ठेवावी. पाइपाची दोन्ही तोंडे बुजवावीत. जिथे सरकी तिथे उंदीर!

दुसरा मार्ग समोरासमोरच्या जोडीचा. शेतातली खोली घरापासून दोन-तीनशे मीटरवर असेल, तर तांब्याची तार पुरत नाही. मग दोन्ही इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर एकमेकांकडे तोंड केलेली दोन यंत्रे बसवतात. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला २००५ पासून आणि पाच गिगाहर्ट्झच्या बहुतेक पट्ट्याला २०१८ पासून ठरलेल्या ताकदीच्या आत परवाना लागत नाही. मात्र या यंत्रांना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे. नुसते दिसून भागत नाही, मधली हवाही मोकळी हवी. तीनशे मीटरवर पाच गिगाहर्ट्झची जोडी असेल, तर मध्यावर नजरेच्या रेषेभोवती सुमारे दोन मीटर जागा मोकळी असावी. येथे शेतकऱ्याने आपले ज्ञान वापरावे. जूनमध्ये रान मोकळे असताना यंत्रे बसवली, तर ती सुरेख चालतील. पण कपाशीत तूर लावली असेल, तर दिवाळीनंतर तुरीचे शेंडे वाटेत उभे राहतील. तेव्हा उंची आजच्या रानावरून ठरवू नये, वाढलेल्या तुरीवरून ठरवावी.

तिसरा मार्ग पुनरुच्चार करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे रिपीटरचा. तो स्वस्त आणि सोपा, म्हणून लोकप्रिय. पण त्याला जिथे स्वतःलाच ऐकू येत नाही अशा गोठ्यात ठेवून काय होणार? त्याची जागा वाटेत, घराच्या मागच्या खिडकीपाशी. साधा रिपीटर एकाच पट्टीत ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो, हेही लक्षात ठेवावे. मधली भिंत टिनाची असेल, तर त्याच्या नादी न लागणेच बरे.

आता एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे मे-जूनमध्ये विजांचा कडकडाट काय असतो, ते मी सांगायला नको. दोन इमारतींमध्ये टाकलेली तांब्याची तार ही जवळपास पडलेल्या विजेलाही वाट असते. एका टोकाला बसलेला धक्का दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि दुसऱ्या टोकाला आपले मूल बसलेले असू शकते. म्हणून जमत असेल तर दोन इमारतींमध्ये तांबे न टाकता फायबर टाकावे. ते काचेचे असते. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र आधारासाठी धातूची तार असलेले फायबर घेऊ नये. त्याला दोन्ही टोकांना एकेक लहान यंत्र जास्त लागते, पण अंतराची अडचणही त्याबरोबर जाते. तांबेच टाकलेले असेल, तर आभाळ भरून येताच दोन्ही टोके काढून ठेवावीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरचे साधन विजेचा इशारा देते, त्याचाही उपयोग करावा. बाहेरचे यंत्र घराच्या सर्वांत उंच टोकावर चढवू नये, आणि त्याचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

राहता राहिली लाइन जाण्याची गोष्ट. मागच्या डब्याला बॅटरी दिली आणि पुढच्याला दिली नाही, तर लाइन गेल्यावर दोन्ही मुके. बॅटरी द्यायची तर दोघांना.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक काम करा. घरातल्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत पावलं मोजा. वाटेत भिंती किती, कशाच्या, झाड कुठे, पत्रा कुठे, हे कागदावर मांडा. एवढा कागद हातात असला, की ‘सगळ्यात मोठा डबा द्या’ असं म्हणायची वेळ येत नाही. आणि मागच्या खोलीत टेबल मांडताना ते खिडकीपाशी मांडा. इंटरनेट तारेवरून येईल. उजेड आणि वारा मात्र अजून खिडकीतूनच येतात, आणि अभ्यासाला तेही लागतात.