कणसाचे फेस्त आणि खाजणाचा बांध

गोमंतकातील सासष्टी तालुक्यात राय नावाचे गाव आहे. 'हिमाची माता' या नावाने मरियेला वाहिलेले ख्रिस्तमंदिर तेथे असून, दरवर्षी ५ ऑगस्टला मिरवणूक वाजतगाजत शेताकडे येते. धर्मगुरू विळा हाती घेऊन भाताची पहिली कणसे कापतात, त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग ती कणसे भाविकांच्या घरोघर जातात. हेच कणसाचे फेस्त. पुढे इतर गावांतही आपापल्या दिवशी ते साजरे होते. हिंदू शेजाऱ्यांच्या घरी चतुर्थीच्या सणात 'नवे' येते, त्याचेच हे भावंड म्हणावयास हरकत नाही.

सोहळा देखणा आहे खरा. परंतु कणीस कापण्यापूर्वी ते पिकावे लागते, आणि गोव्याच्या सखल भागात ते पिकविणे ही एक निराळीच तपश्चर्या आहे. मांडवी, जुवारी यांसारख्या नद्यांच्या मुखाकडील जमीन भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी. ती खाजण जमीन पूर्वजांनी मातीचे बांध घालून मिळविली. पोर्तुगीज येण्यापूर्वीचे हे काम आहे. गावकरीच्या रूढींची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये केली, तेव्हा ही व्यवस्था जुनीच झाली होती. बांधात जागोजाग लाकडी दारे असतात, त्यांना 'मानस' म्हणतात. (मराठी श्रोत्याने येथे मनाचा अर्थ घेऊ नये.) भरती आली की पाण्याच्याच दाबाने दार मिटते आणि ओहोटी लागली की आपोआप उघडून शेतातील जादा पाणी नदीत सोडते. आत खारेपणा सोसणारे 'कोरगूट' जातीचे भात पिके आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळे. अशी खाजणे गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर होती असे सांगतात.

आज त्यांतील पुष्कळ जमीन पडीक आहे. पूर्वी बांधाची राखण गावकरी करीत असे. खेकड्याने पाडलेले भोक त्याच दिवशी बुजविले तर टोपलीभर चिखलाचे काम; दोन भरत्या जाऊ दिल्या तर तेथे खिंडार पडते. १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, तो योग्यच होता. मात्र त्यानंतर बांधाची जबाबदारी जुन्या हातांतून सुटली आणि नव्या हातांनी ती सर्वत्र नीट उचलली नाही. काही ठिकाणी मासळीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत कोंडले गेले. एकदा शेत खारावले की तो क्षार धुऊन निघण्यास पावसाळ्यामागून पावसाळे जातात. मग पुढील ऑगस्टमध्ये आशीर्वादासाठी कणीस कोठून आणावयाचे?

हा प्रश्न धर्माच्या बाहेरचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी उत्पत्तिग्रंथाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. परमेश्वराने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मूळ हिब्रू भाषेतील त्या दोन क्रियापदांपैकी पहिल्याचा अर्थ 'सेवा करणे' असाही होतो. मंदिरातील याजकांच्या सेवेसाठीही हेच शब्द योजिले आहेत. पहिल्या अध्यायातील 'सत्ता' तेवढी लक्षात ठेवून दुसऱ्यातील 'राखण' विसरणे ही सोयीची विस्मृती होय. लेवीयच्या ग्रंथात तर जमीन परमेश्वराची आणि माणूस तेथे उपरा, असेच सांगितले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे धर्मपत्र लिहिले, त्यात याच मशागतीचा आणि राखणीचा विचार पुढे मांडला. पत्राचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातून घेतले आहे. संत फ्रान्सिस म्हटले की लोकांना पाखरे आठवतात. पण त्याने भूमीलाही भगिनी आणि माता मानले होते, ते फारसे कोणी सांगत नाही.

तीर्थ शिंपडून बांधाचे भोक बुजत नाही, हे धर्मगुरूही जाणतात आणि शेतकरीही. बांधाची डागडुजी पावसापूर्वी, उन्हाळ्यात करावी लागते. ओहोटीची वेळ साधून चिखल उपसावयाचा, दगड बसवावयाचे, मानशीची कुजलेली फळी बदलावयाची. त्या वेळी बँड नसतो, मिरवणूकही नसते. बांधाच्या आत ख्रिस्ती माणसाचे शेत असते, त्याला लागून हिंदूचे असते, आणि नदी दोघांच्याही बांधाला दिवसातून दोनदा येऊन टेकते.