खाजेचा जुनाट चट्टा आणि त्यावरील सुई
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजचा विषय सभेत काढण्याजोगा नव्हे, असे कित्येकांस वाटेल. परंतु लोकलज्जेस्तव झाकलेला विकारच अधिक बळावतो. मानेमागे, घोट्यावर किंवा कोपरापाशी जाड, काळपट, खाजरा चट्टा वर्षानुवर्षे वागविणारी माणसे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. उपवर कन्येस तो असला, तर घरची मंडळी तो लपवितात. आणि गंमत अशी, की लपविण्याच्या काळजीनेच खाज वाढते.

अशा चट्ट्यांपैकी पुष्कळांस वैद्यकात ‘लायकेन सिंप्लेक्स क्रॉनिकस’ म्हणतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. खाजविल्याने कातडी जाड होते, जाड कातडी अधिक खाजते. असे हे दुष्टचक्र. ते तोडण्यास प्रथम मलम देतात. जाड कातडीतून मलम पुरेसे मुरले नाही, तर औषध सुईने थेट चट्ट्यातच घालतात.

हे औषध कॉर्टिसोनच्या कुळातील. त्या कुळावरील संशोधनाबद्दल केंडॉल, राइखस्टाइन व हेंच यांस १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेत टोचण्यास बहुधा ट्रायमसिनोलोन वापरतात. मिलिलिटरमागे सुमारे २.५ ते १० मिलिग्रॅम इतके पातळ करून, बारीक सुईने ते चट्ट्यात ठिकठिकाणी थोडेथोडे सोडतात. गरजेनुसार ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा टोचतात. दाह शमला की खाज उतरते आणि हातही थांबतो.

तथापि गुण येतो म्हणून विवेक सोडू नये. मात्रा अधिक वा सुई खोल गेल्यास कातडी पातळ होऊन खळगा पडतो, रंग फिकटतो. सावळ्या वर्णावर तो डाग विशेष दिसतो व निवळण्यास महिनोन्‌महिने लागतात. मधुमेह असल्यास आधी सांगावे. पिकलेल्या जागी टोचू नये. मुख्य म्हणजे निदान आधी व्हावे. गजकर्णावर हेच औषध पडले, तर बुरशी फोफावते. या जातीची कित्येक मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला, तो उगीच नव्हे.

सुईनंतरही नखे कापलेली ठेवावीत, रात्री चट्टा झाकून निजावे. पुन्हा खाजवू लागल्यास चट्टा परततो.

वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. मुलीस पदर ओढून घेण्यास सांगण्यापूर्वी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे. आणि वरपक्षानेही अशा चट्ट्यावरून स्थळ मोडू नये.